तहानलेल्या कडा

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार (प्रत्यक्षात एवढं वाकता येत नाही, कंबर धरली आहे, पण पोचला असं समज). तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी डोंगर चढू नका म्हटल्यावर तू डॉक्टरच बदललास असं कळलं. म्हणजे तब्येत सुधारते आहे. आम्ही सगळे ठीक.

पत्रास कारण आमचा ट्रेलर. मोटारीमागे जोडून न्यायची, दोघांना झोपता येईल एवढी लाकडी खोली मी दीड वर्ष खपून बांधली, हे तुला ठाऊक आहेच. (चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्याने हातोडीला हात लावू नये, असं हिचं मत.) सहलीला निघायचं, तर राहिला होता फक्त पाणी अडवणारा लेप. रंगाच्या दुकानदाराने अकरा डबे मांडले आणि अकराही त्याचे सख्खे भाचे असल्यासारखी प्रत्येकाची तारीफ केली. मी आधी जवसाचं तेल घेतलं, कारण वास बरा वाटला. नऊ दिवस ते वाळेना. दहाव्या दिवशी वाळलं असेल म्हणून टेकलो, तर विजार तिथेच राहिली आणि मी एकटा घरात आलो. (शेजारीण तेव्हा कुंड्यांना पाणी घालत होती. हल्ली ती वेळ बदलून घालते.) तेल खरवडलं, छपराला डांबर फासलं, ते उन्हात पाघळून खिडकीवर उतरलं. तेही काढून व्हार्निश दिलं. आरशासारखं चकाकलं! पण एकाच पावसात प्लायवूडच्या कडा फुगल्या, भिजलेल्या वहीसारखे पदर सुटले. मी अंगणातच बसकण मारली.

तेवढ्यात सासरे बाहेर आले. चाळीस वर्षं होड्या दुरुस्त केलेला माणूस. पण आमच्या लग्नाला सात वर्षं झाली, तरी माझ्याशी पाच-सहा वाक्यं बोलले असतील, त्यातली तीन "सरका जरा" अशी. त्यांनी बशीत शाईचं पाणी ओतलं, त्यात लाकडाचा एक उरलेला तुकडा उभा केला आणि म्हणाले, "बघा." मी दुकानातलं भिंग लावलं. मावशी, शाई वर चढत होती! लाकडाच्या टोकाला बारीक नळ्याच नळ्या. झाड तोडून किती वर्षं झाली असतील कुणास ठाऊक, पण पाणी वर न्यायचं ते विसरलं नव्हतं.

"तुम्ही पाठ रंगवलीत," सासरे म्हणाले, "तोंड उघडंच ठेवलंत."

मग फुगलेल्या कडा कापल्या, व्हार्निश घासून काढलं, सगळं वाळवलं आणि सासऱ्यांनी पातळ इपॉक्सी (होड्यांना लावतात ती, वाळून काचेसारखी घट्ट होणारी राळ) कडांना पाजायला घेतलं. हो, पाजायलाच. लावलं की कड पिऊन कोरडी. पुन्हा लावलं, पुन्हा कोरडी. डबा संपतो की काय, म्हणून मी घाबरून बघत होतो. "पिऊ द्या," ते म्हणाले. "नको म्हणेल तेव्हा थांबायचं." तिसऱ्या वेळी कड खरंच नको म्हणाली, ओली चमकत राहिली. मग सगळीकडे इपॉक्सी, आणि त्याला ऊन सोसत नाही म्हणून वरून व्हार्निश. ब्रशचा आवाज नाही, एक ओघळ नाही. ज्या हातांना मी सात वर्षं भीत आलो, ते हात मी चार दिवस नुसते बघत राहिलो.

पाचव्या दिवशी छपरावर बादली ओतली. पाणी घरंगळलं, मागे राहिले ते थेंब, टपोरे, उभे. प्रत्येकाखाली लाकडाच्या रेषा मोठ्या दिसत होत्या. वीस वर्षं भिंगांत घालवली, पण इतकी स्वच्छ भिंगं मी पाहिली नव्हती. सासरे म्हणाले, "जमलं आपलं." आपलं म्हणाले, मावशी.

सगळ्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुझा,
भाचा

ता. क. सासऱ्यांनी आपली उशी ट्रेलरमध्ये नेऊन ठेवली आहे. सहलीला येतो असं ते बोललेले नाहीत. दुसऱ्या जागेवर त्यांची हत्यारांची पेटी आहे. तेव्हा तुझा तंबू आम्हा दोघांसाठी ताबडतोब पाठव.

आणखी एक. तंबू गळत असला तर गळू दे, फक्त सासऱ्यांच्या कानावर घालू नकोस. ते दुरुस्तीला घेतील, आणि आता आणखी थांबायची हिची तयारी नाही. (माझी आहे.)