नवरीच्या गालावरचा फेस

रविवार, १७ मे

तीर्थरूप आलिदामावशी,

लुटगार्दचा साष्टांग नमस्कार. (एरवी तुला नुसती मान लववलेली चालते, या वेळी पूर्ण आडवी होते आहे.) इतके महिने पत्र नाही, याची क्षमा कर. सहा वर्षांची असल्यापासून दर एक जानेवारीला धर्ममातेला, म्हणजे तुला, नव्या वर्षाचे पत्र देत आले, ते चव्वेचाळिसाव्या वर्षी चुकले. सबबी चार होत्या. चारही डायरीत लिहून पाहिल्या. कागदावर एकही टिकली नाही. तुझा गुडघा कसा आहे? समुद्राची हवा त्याला खरेच मानवते, की आम्ही काळजी करू नये म्हणून तू तसे सांगतेस? मी बरी आहे. फक्त दोन्ही हातांवरून रबराचे पापुद्रे निघताहेत, आणि ते का, हेच आता सांगायचे आहे.

आपल्या पेट्रोनेलाचे लग्न ठरले. तिचे डोके तू अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी घडवलेस, तेव्हा ही बातमी तुला पहिल्यांदा माझ्याकडून कळायला हवी होती. पुढच्या रविवारी, गावोगावचे राक्षस-पुतळे नाचवतात त्या मिरवणुकीत, शेजारच्या ओंडरमेर्स गावच्या राक्षसाशी. मुलगा चांगला आहे. उंची साडेचार मीटर, वेताचे अंग, आत उचलायला चार माणसे, दाढी अस्सल घोड्याच्या शेपटीची. आपली पोर चार मीटर वीस, म्हणजे जोडा शोभून दिसेल. पण ती उभी असते त्या चर्चच्या हॉलमध्ये या हिवाळ्यात ओल आली आणि पोरीच्या चेहऱ्याची कातडी जुन्या वॉलपेपरसारखी लोंबू लागली. समितीने ठरवले, की जुने सगळे खरवडायचे, पाण्यात कालवलेल्या लॅटेक्सच्या, म्हणजे पातळ रबराच्या, गोंदाने नवे कापड चिकटवायचे, त्यावर लॅटेक्सचेच पांढरे हात द्यायचे आणि मग रंग. अध्यक्ष अजून गास्पारकाकाच आहेत. (खाटकाचे दुकान बंद करून सहा वर्षे झाली, तरी सभेला पांढरा एप्रन बांधूनच येतात.) त्यांनी माझ्याकडे बोट केले. म्हणाले, "गालिच्याच्या कारखान्यात सतरा वर्षं काढलीस, लॅटेक्स म्हणजे तुझं माहेरच की!"

हे खरे, पण अर्धेच. कारखान्यात मी लॅटेक्समध्ये फेस भरते. गालिच्याची पाठ मऊ व्हावी म्हणून त्यात मोजूनमापून हवा घालतात, आणि ती पुरेशी आहे की नाही हे मी तपासते. फेस होऊ न देणे ही वेगळी विद्या आहे. भांडण लावता येणाऱ्याला ते मिटवताही येते, असे कुठे आहे? हे मी सभेतच सांगायला हवे होते. सांगितले नाही, कारण सगळे माझ्याकडे इतक्या विश्वासाने पाहत होते आणि मला ते आवडले. (डायरीत याला मी "मोह" असे नाव दिले आहे.)

सोमवारी मी कामावरून पोचेपर्यंत काकांनी ड्रिलला सॉसेजचे मिश्रण घोटायचा दांडा लावून बादली पूर्ण वेगात घुसळली होती. रबराचे कण पाण्यात तरंगत राहावेत म्हणून लॅटेक्समध्ये साबणाच्या जातीचे काहीतरी असतेच. त्याला असे घुसळले की होणार काय? बादलीत पांढरा ढग उभा होता, आणि काका त्याच्याकडे आपल्या नातवाकडे पाहावे तसे पाहत होते. "बघ, आठ लिटरचे बारा केले!" तो ढग त्यांनी नवरीच्या तोंडाला फासलाही होता. वाळल्यावर बुडबुडे फुटले आणि गालांवर टाचणीने टोचल्यासारखी हजारभर भोके उरली. ओडिलकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, जरा लांबून पाहून म्हणाल्या, "वॅफल छान झालंय, साखर कुठाय?" रात्रीपर्यंत आम्ही ते घासून काढले. घासता घासता काकू सहज बोलून गेल्या, की रुबार्बच्या मुरंब्याला फेस आला की त्या हेझलनटएवढे लोणी टाकतात, फेस खाली बसतो. मी हसले. मावशी, ते हसणे मला नंतर महाग पडले.

मंगळवारी मी प्रयोगशाळेतून फेस मोडणारे द्रव आणले (रीतसर चिठ्ठी भरून). नव्या बादलीत घातले. फेस असा नाहीसा झाला, की आरशासारखा पृष्ठभाग! काकांनी टोपी काढली. आणि मग ब्रश फिरवला, तर लॅटेक्स जागोजाग स्वतःपासूनच मागे सरकू लागला, जणू खाली कुणी तूप लावून ठेवले आहे. प्रत्येक ठिकाणी एक वाटोळा खळगा, मधोमध ठिपका. आमच्या धंद्यात याला माशाचे डोळे म्हणतात. मी मोजले, पस्तीस होते. बादलीशेजारी लोण्याने माखलेली सुरी पडली होती. मी ती उचलली आणि तेलकट पदार्थ थोडा असला तर बुडबुडा फोडतो, जास्त झाला तर लेप पृष्ठभागाला धरतच नाही, यावर वीस मिनिटे बोलले. शेवटी काकूंकडे पाहिले. काकू खाली बघून म्हणाल्या, "असेल बाई, माझंच चुकलं असेल."

बुधवारी वरपक्ष मुलगी बघायला आला. पुढे त्यांचा बेकर एव्हारिस्ट, मागे पाच जण, हातात तांदळाच्या खिरीचा टार्ट. त्याने चष्मा पुसला, वर पाहिले, पुन्हा पुसला.

"मुलीला देवी आल्या होत्या का हो?"

"हवेचा परिणाम आहे," काका म्हणाले.

"आमच्या पोराला दोन डोळे आहेत, गास्पार. तुमच्या मुलीला चाळीसेक दिसतात. संसारात जाच होईल त्याला."

त्याचे बाकीचे लोक इतके हसले, की टार्ट कापता येईना. मग मात्र तो गंभीरपणे म्हणाला, की येत्या शुक्रवारी, बावीस तारखेला, संध्याकाळी ते पुन्हा बघायला येतील. चेहरा धड नसेल तर त्यांचा मुलगा मिरवणुकीत एकटा चालेल, आणि नदीपलीकडच्या गावातही एक लग्नाची राक्षसीण आहेच. तो गेल्यावर काकांनी एप्रन सोडला. तो त्यांना सोडताना मी कधीच पाहिले नव्हते.

गुरुवारी मी डायरी चाळली. मंगळवारच्या पानावर माझ्याच अक्षरात: "लिटरला दोन थेंब. आठ लिटर, सोळा थेंब. घातले. एक मिनिट थांबले. अजून फेस. आणखी एक झाकण." एक झाकण, मावशी! झाकणात शंभरावर थेंब मावतात. द्रवाला काम करायला दहा मिनिटे लागतात हे मी नव्या मुलींना दरवर्षी शिकवते. म्हणजे दीड दिवस मी काकूंना माझ्या पापाचे ओझे वाहायला लावले होते. तशीच हॉलमध्ये गेले आणि सगळ्यांसमोर पान वाचून दाखवले.

काकू चकित झाल्या. "अगं, पण लोणी मी घातलंच नव्हतं! खारं लोणी, चांगल्या दुकानातलं. ते काय बादलीत घालीन? पावाला लावलं नि खाल्लं."

"मग कबूल का झालात?"

"तू इतकी रंगात येऊन समजावत होतीस, मध्ये बोलवेना."

काका हसायला लागले, मग काकू, मग मी. आणि हसता हसता मला रडूही आले, ते कुणी पाहिले नाही असे सर्वांनी ठरवले.

शुक्रवारी सगळे पुन्हा घासले, पुसले, बादल्या धुतल्या. लॅटेक्स ओतायचे काम काकांना दिले. त्यांनी बादली तिरपी धरली आणि काठाने, बियर ग्लासात उतरवतात तसे, अजिबात आवाज न करता ओतले. (चाळीस वर्षे गावच्या प्रत्येक जत्रेत बियर ओतणारा माणूस, आणि आम्ही त्याच्या हातात ड्रिल दिले होते.) लाकडी पट्टीने मी हळूहळू ढवळले, काकूंच्या जुन्या मोज्यातून गाळले, सोळा थेंब मोजून घातले, आणि मग तिघेही खुर्च्यांवर बसून राहिलो. काहीही न करता! रात्रभर बादली झाकून ठेवली. काल पातळ हात दिले, एकदा फिरवलेल्या जागी ब्रश पुन्हा न नेता. आज सकाळी मी शिडीवर चढून डोळे मिटले आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तळहात फिरवला. कुठे म्हणजे कुठे अडला नाही.

सर्वांचे तुला नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
लुटगार्द

ता. क. कुठेच अडला नाही याचे कारण, प्रामाणिकपणे सांगायचे तर, मध्ये नाक नाही. शुक्रवारी घासताना ते अख्खे माझ्या हातात आले. ते तू घडवलेले नव्हतेच. तुझे नाक गास्पारकाकांनी अकरा वर्षांपूर्वी "मुलीच्या जातीला एवढं शोभत नाही" म्हणत हाडे सोलायच्या सुरीने उतरवले, वर आपले बटाट्याएवढे चिकटवले, आणि तू दुसऱ्या दिवशीच्या गाडीने समुद्राकडे गेलीस, हे मला माहीत आहे. फोन मुद्दामच केला नाही. त्यांचे नाव निघाले की तुझी किटली शिट्टी मारते आणि तू फोन ठेवतेस. सोबत दुकानाच्या जुन्या पावतीमागे त्यांनी लिहून दिलेले जोडते आहे: "नाक आलिदाचंच बरोबर होतं. गास्पार." मी सांगितले म्हणून नव्हे, आपणहून लिहिले. (तारीख मात्र मी घालायला लावली.)

ता. क. २. तुझ्या नाकाचा मूळ साचा कुठे आहे तेही मला ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात तुझ्या न्हाणीघरात ज्यात साबण ठेवला होतास, तो मी ओळखला, बोलले नाही. तो पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये, गुरुवारी, म्हणजे नवे नाक शुक्रवारच्या आत वाळेल. पोरीची आई तू आहेस, व्याह्यांसमोर दुसरे कोण उभे राहणार? आणि साचा सात पाण्यांनी धुऊन आण, मावशी. साबणाचा अंश राहिला तर पुन्हा फेस होईल.

उद्याचे काम: हे पत्र परत न वाचता पेटीत टाकणे.