लावणीचा चिखल आणि निळे ग्लोव्हज

मंगळवार, संध्याकाळ

बोटांच्या बेचक्यांत पुन्हा भेगा पडल्यात, पेन धरवत नाही. तरी लिहिणार. दातांच्या दवाखान्यात दिवसभर पांढरे रबरी ग्लोव्हज घालून मी अवजारं धुते. मागे डॉक्टरांना हात दाखवले तर म्हणाले, "लावणीच्या चिखलानं झालं असेल गं."

चिखलानं? गावी कडावला भाताच्या लावणीसाठी चार दिवस रजेवर होते, तेव्हाच तर भेगा भरून आल्या होत्या. कामावर येऊन ग्लोव्हज चढवले आणि पुन्हा तीच आग.

आज त्यांच्या ड्रॉवरमध्ये निळे ग्लोव्हज दिसले. विचारलं तर म्हणाले, "मला पांढऱ्यांची ॲलर्जी आहे. भेगा पडतात."

त्यांची ती ॲलर्जी, माझा तो चिखल. उद्या विचारणारच. डॉक्टर, तुम्ही कुणाच्या शेतात लावणी केलीत?