खाली आहे

नमो बुद्धाय. जय भीम.

मी, राजाराम सखाराम गोंडाणे, वय वर्षे एकोणसत्तर, धर्म बौद्ध, जन्म कामठी, जिल्हा नागपूर, सध्या मुक्काम अल्फारेटा, राज्य जॉर्जिया, आज रविवार दिनांक ६ एप्रिल १९९७ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी माझ्या मानगुटीवर बसलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. फक्त हृदयाच्या गोळ्यांमुळे दुपारी गुंगी येते आणि तेव्हा गेलेली माणसे खुर्च्या ओढून जवळ बसू लागतात. त्यांच्या सांगण्यावरून काही लिहिले गेले तर तेही माझेच समजावे. वकीलबाई म्हणाल्या होत्या की इंग्रजीत लिहा. इंग्रजीत मी पंचवीस वर्षे नोकरी केली, पण मरण्याचा कागद मराठीतच लिहिणार. भाषांतर त्यांनी करून घ्यावे.

कलम १. राहते घर, मागच्या पाइनच्या झाडांसकट, माझी एकुलती एक मुलगी उपासना हिला. या दिवसांत झाडांचा पिवळा पराग ओट्यावर, गाडीवर, खिडक्यांवर बसतो. तो पुसत बसू नये. माझी पत्नी रमाबाई अठरा वर्षे पुसत होती आणि १९९२च्या एप्रिलमध्ये फडके हातात असतानाच गेली. पराग पावसाने आपोआप जातो.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते नात नैना हिच्या शिक्षणाला. ती आज सात वर्षांची आहे आणि मोठेपणी ऑक्टोपसांची डॉक्टर होणार म्हणते. तोवर विचार बदलला तरी चालेल.

कलम ३. तळघरातल्या कानशी, व्हाइस आणि मायक्रोमीटर नागपूरच्या आयटीआयला पाठवावेत. मायक्रोमीटरला घामाचा हात लावू देऊ नये. महाराष्ट्र मंडळाचे संजीव यांनी १९९१च्या दिवाळीत दोन दिवसांसाठी माझे ड्रिल मशीन नेले. ते दोन दिवस अजून संपायचे आहेत. ड्रिल मी त्यांना माफ केले, पण बिटांचा संच परत करावा. त्यावर माझे नाव कोरलेले आहे, त्यामुळे आठवत नाही असे म्हणता येणार नाही.

कलम ४. माझे रिव्हॉल्वर. स्मिथ अँड वेसन, पॉइंट थर्टी-एट, चार इंची नळी, १९५६ची बनावट, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. हे मला अर्ल कॅलवेने दिले. अर्लचे मॅरिएटा गावात बंदूकदुरुस्तीचे दुकान होते. मी आठवडाभर कारखान्यात टूलमेकर आणि शनिवारी अर्लच्या बाकावर. तरुणपणी आयुध कारखान्यात फिटर असल्यामुळे लोखंड हाताला नवे नव्हते. पहिल्याच शनिवारी अर्लने मला हे रिव्हॉल्वर दिले, मी नुसते हातात घेतले, तर त्याने माझ्या बोटांवर पट्टी मारली. म्हणाला, "ओपन इट युवरसेल्फ, राजा. लुक युवरसेल्फ." देणारा बाप असो की देव असो, तो काय म्हणतो ते ऐकायचे नाही. आपण उघडायचे, आपण पाहायचे. हा धडा मी पुढे वीस वर्षे दुसऱ्यांना शिकवला.

रिव्हॉल्वर मला का आवडते ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे माझ्यामागे तर्क नकोत. त्याचा घोडा बाहेर असतो. उठला आहे की निजला आहे ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळते. सिलिंडर बाजूला काढले की सहाही घरे उजेडात येतात, लपवाछपवी नाही. दुपारच्या गुंगीत ते सिलिंडर माझ्या तळहातावर हळूहळू फिरते आणि घरांमधून माझी घरे दिसतात. एकात कामठीची खोली, तिथे आई अजून भाकरी थापते आहे. एकात कारखान्याचे क्वार्टर. एकात नेवार्कची थंडी, कोट घालूनच जेवणारी रमा. एकात मॅरिएटाचे अपार्टमेंट, तिथे उपासना चालायला शिकते आणि माझ्याकडे येता येता मोठी होते. एकात हे घर. सहावे खाली आहे. मी त्यात डोकावतो, तिकडून नुसता प्रकाश येतो, आणि मला भीती वाटत नाही.

रमाला हे सगळे बिलकूल पसंत नव्हते. मी तळघरात बसलो की ती दारात उभी राहून पंचशील म्हणायची, त्यातले पहिले शील जरा चढ्या आवाजात. मी म्हणायचो, "अगं, प्राण्याला कुठं मारतो? कागदालाच तर मारतो." ती म्हणायची, "कागद बी झाडाचाच असते ना." पण मी जन्मात जिवंत गोष्टीवर नेम धरला नाही, हे मी तिच्या फोटोसमोर आजही सांगू शकतो. नेम धरला नाही एवढेच सांगू शकतो.

कलम ५. तिजोरीत एक प्लॅस्टिकचे पिस्तूलही आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, दोष तिचा नव्हता. पिस्तूल माझा जावई विनय ओव्हाळ याचे. हा पुण्याचा, १९८६ साली शिकायला आला आणि उपासनाशी लग्न करून माझ्या शनिवारांत शिरला. मला मुलगा नव्हता. अर्ल गेल्यानंतर नेमबाजीच्या रेंजवर माझ्या शेजारी विनय उभा राहायचा आणि आमची जुंपायची.

"बाबा, सतरा राउंड्स! तुमचे सहा. वजन बघा ना, निम्मं. पावसात भिजलं तरी गंज नाही."

"टिफिनचा डबा बी गंजत नाही. त्यानं नेम धरशील का?"

"यू आर सो ओल्ड स्कूल, यार बाबा."

सासऱ्याला यार म्हणणारा हा पहिलाच ओव्हाळ असावा. मला राग यायचा नाही, उलट आठवडाभर मी त्याची वाट बघायचो. त्याच्या पिस्तुलाला घोडाच नाही, आत स्प्रिंगवर एक पिन. ते भरलेले आहे की नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही. शिवाय साफ करायला उघडायचे तर आधी चाप ओढावा लागतो, हे मला कधीच पटले नाही. मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून हेही नोंदवतो की त्या शेवटच्या दिवशी पंचवीस यार्डांवर विनयने त्या डब्यातून माझ्यापेक्षा चांगले नेम मारले. माझे सहा कागदभर पांगले होते आणि त्याचे एका बशीत मावले असते.

कलम ६. सदर विनय ओव्हाळ यास माझ्या इस्टेटीतला खिळाही देऊ नये. कारण तो खोटे बोलला. कारण सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कोणी शंका काढणार नाही.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर १९९४, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आम्ही रेंजवरून परतलो. विनय जेवणाच्या टेबलापाशी उभा राहून नैनाला ज्यूस ओतून देत होता. मी विचारले की तुझे पिस्तूल साफ करायला घेऊ का. त्याने उत्तर दिले. मी तळघरात गेलो, कुलूपबंद कपाटातून पिस्तूल काढले, काडतुसांचे मॅगझिन ओढून बाजूला ठेवले आणि उघडण्यासाठी चाप ओढला. नळीत एक काडतूस होते. गोळी छतातून, वरच्या गालिच्यातून, विनयच्या डाव्या टाचेतून गेली. नैना त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. विनय आजही लंगडतो.

पोलिसाने मला विचारले, मी म्हणालो, "ही टोल्ड मी इट वॉज एम्प्टी." स्ट्रेचरवरून विनय ओरडला, "आय सेड इट वॉज डाउनस्टेअर्स!" मधे उपासना उभी होती. दोघांतला एक खोटे बोलत होता आणि तिने बापावर विश्वास ठेवला. भरलेले पिस्तूल घरात ठेवले ही चूक विनयने तिथेच कबूल केली, ती तिने माफही केली. पण जखमी माणूस म्हाताऱ्यावर खोटे ढकलतो हे तिला सहन झाले नाही. ती म्हणे, "जस्ट सॉरी म्हण, विनय." तो म्हणे, "जे बोललोच नाही त्याचं सॉरी कसं म्हणू?" पुढच्या मार्चमध्ये तो नोकरी घेऊन जर्सी सिटीला गेला. येत्या गुरुवारी कोर्टात त्यांच्या घटस्फोटाचा शेवटचा कागद आहे.

खोटे नेमके काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवतो. मी विचारले, "तुझं पिस्तूल साफ कराले घेऊ का?" तो म्हणाला, "हो बाबा, खाली आहे."

इथे मी लिहायचे थांबलो. चहा केला, तो तसाच राहिला. वरचे वाक्य मी किती वेळा वाचले ते सांगता येणार नाही. अडीच वर्षे मी हे वाक्य इंग्रजीत सांगत आलो, पोलिसाला, वकिलाला, मुलीला. मराठीत आज पहिल्यांदा लिहिले.

आमच्या नागपूरकडे खाली म्हणजे रिकामे. पुण्याच्या माणसाचे खाली म्हणजे खालच्या मजल्यावर. रिकाम्याला तो रिकामेच म्हणतो. आणि हे मला माहीत होते! लग्नानंतर तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा रमा त्याला म्हणाली, "तांदळाचा डबा खाली आहे, जरा बाजारातून घेऊन ये." हा गुडघ्यांवर बसून कपाटाच्या खालच्या फळीवर डबा शोधत राहिला. डबा वर, त्याच्या डोक्याशी होता. आम्ही हसून हसून लोळलो होतो. ते हसणे माझ्या कानात आहे आणि तरी त्या शुक्रवारी मला काही आठवले नाही.

विनय खोटे बोलला नाही. मीही खोटे बोललो नाही. पण शब्दावर ढकलून मी मोकळा होणार नाही. तो खरोखर "रिकामं आहे" म्हणाला असता तरी उघडून पाहणे माझे काम होते. मी पाहिले नाही. ज्याने वीस वर्षे दुसऱ्यांना शिकवले त्याने पाहिले नाही. टाच त्याची गेली, संसार त्याचा गेला आणि बिचारा म्हातारा म्हणून सहानुभूती मी खाल्ली. मला लाज वाटते. कलम ६ रद्द.

कलम ७. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, पण गुरुवार त्याआधी येत आहे. म्हणून मी आत्ताच उपासनाला फोन लावला.

"बाबा, इज एव्हरीथिंग ओके?"

"एक वाक्य ऐक. मराठीत ऐक हं. 'खाली आहे.'"

"व्हॉट इज एम्प्टी?" तिने विचारले. आईचीच मराठी ती.

"आता हेच विनय म्हणाला असं समज."

तिने ते दोन शब्द स्वतःशी म्हणून पाहिले. मागे नैनाचा टीव्ही चालू होता.

"डाउनस्टेअर्स," ती म्हणाली. "ओह गॉड, बाबा. डाउनस्टेअर्स."

"तो खरं सांगत होता, बेटा. आणि मी नळी उघडून पाहिली नाही. ते मी. तो नाही."

"टू अँड अ हाफ इयर्स, बाबा," एवढे बोलून तिने फोन ठेवला. तिला रडू येत होते की राग, ते मला कळले नाही. दोन्ही माझ्याच पदरात घालावे.

माझे रिव्हॉल्वर विनय ओव्हाळ यास द्यावे.

कलम ८. आज बुधवार, ९ एप्रिल. विनय सकाळच्या विमानाने आला. जिन्यावर त्याचे पाऊल आधी ऐकू आले, एक जड, एक हलके. उपासनाने त्याला विमानतळावरून आणले होते. वाटेत दोघांनी ते पिस्तूल कसे निकालात काढायचे याची पोलीस स्टेशनात चौकशी केली. उद्याची तारीख तिने फोन करून पुढे ढकलली आहे. किती पुढे, ते मी विचारले नाही.

विनयने हे सगळे कागद टेबलापाशी उभ्यानेच वाचले. मी म्हणालो, "बस ना रे." तो बसला नाही. मी माफी मागितली, त्याचे पाय धरायला वाकलो, तर त्याने माझे खांदे धरून मला खुर्चीत बसवले.

"बाबा, साक्षीदार कोण आहेत?"

"शेजारच्या लतिकाबाई. दुसरा शोधतो आहे. वकीलबाई म्हणाल्या की ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही."

"मग रिव्हॉल्वर कॅन्सल करा. मला साक्षीदार करा."

"अरे, अर्लचं रिव्हॉल्वर आहे ते! छप्पन्नचं!"

"बाबा, मी काय बोललो ते ऐकणारे तुम्ही एकटेच होतात. कोणी विश्वास ठेवला नाही माझ्यावर. आता तुम्ही ते लिहिलंय. त्याला माझी साक्ष लागली पाहिजे. बाकी मला काही नको."

म्हणून कलम ७ मधील शेवटची ओळ रद्द. रिव्हॉल्वर अर्लच्या मुलीने, बापाचे दुकान आता तीच चालवते, दुकानात भिंतीवर लावावे, सिलिंडर उघडे ठेवून.

वरील मजकूर मी दोघा साक्षीदारांदेखत मोठ्याने वाचला आहे. जिथे आवाज गेला तिथे थांबून पुन्हा वाचला आहे. आता सही करतो.

राजाराम सखाराम गोंडाणे
अल्फारेटा, ९ एप्रिल १९९७

साक्षीदार:

१. लतिका मेश्राम, निवृत्त परिचारिका, राहणार अल्फारेटा.

२. विनय ओव्हाळ, राहणार जर्सी सिटी. यातील "जर्सी सिटी" हे शब्द खोडून वर "अल्फारेटा" असे इंग्रजीत लिहिले आहे. ते अक्षर माझे नाही, साक्षीदाराचेही नाही, उपासनाचे आहे. साक्षीदाराने शेजारी आद्याक्षरे केली आहेत. खाडाखोड मला मान्य. रा. स. गों.