मागाजवळचा माईक

शनिवार, दिवेलागण. आंधळगाव.

उद्या सकाळी बाबांले गळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरले न्यायचं आहे. नंतर आवाज राहीलच, असं डॉक्टर काही म्हणत नाही. म्हणून हातमागावरचं त्यांचं गाणं रेकॉर्ड कराले आज भंडाऱ्याहून माईक आणला. दुकानदार म्हणाला, "डायनॅमिक घ्या ताई, हा तोंडाजवळचाच आवाज धरते, मागाची खटखट येत नाही." मले पटलं. बाजूलेच कॉलरले लावायचा माईक होता, तो हातात घेतला अन् परत ठेवला.

बाबा माग चालवतानाच गातात, धोटा इकडून तिकडं फेकत, पुढं-मागं डोलत. डोलले की तोंड माईकपासून दूर. गाणं येते, जाते. माग थांबवून गा म्हटलं, तर दुसऱ्याच ओळीवर अडकले. "हात थांबले का शब्द सुचत नाही, बाई," म्हणाले. लहानपणापासून त्यांले असंच डोलताना पाहत आली मी. दुकानात काहून नाही आठवलं? तो कॉलरचा काहून ठेवला?

चार वेळा घेतलं, मग त्यांचा गळाच बसला. आता ऐकून राहिली. गाण्याची एकही ओळ पूर्ण नाही. शेवटी बाबांनी माग थांबवला, माईकजवळ वाकले अन् विचारलं, "आला का बाई, माहा आवाज?"

तेवढंच स्वच्छ आलं.