उंबराखालची विहीर

नायगाव, बी.डी.डी. चाळ
१२ फेब्रुवारी १९५७

गावाने आपल्या वस्तीला विहीर बंद करून महिना झाला आणि मला ते गावाहून बोटीने आलेल्या सीतारामकडून कळावं? मी मेले होते, की नायगावला टपाल यायचं थांबलं? नातू मास्तर, आणि आजीला चार ओळी नाहीत. असो.

चि. जगदीश यास सुंदराआजीचा जय भीम आणि अ. आ. वि. वि. आम्ही इकडे ठीक. तुझा नानाकाका निवडणुकीपायी घरी नुसता जेवायला येतो. परवा शिवाजी पार्कला संयुक्त महाराष्ट्राची सभा झाली, मीही गेले होते. तिथे आपल्या खोतांचा रमाकांत भेटला, डिलाईल रोडला राहतो तो. मला मावशी म्हणाला, तुमच्यासारखी घोषणा कोणी देत नाही म्हणाला. मी विचारलं की राज्य मागायला माझा घसा चालतो, तर तुझ्या गावात माझ्या नातसुनेची घागर का चालत नाही. राज्य येऊ दे, मग सगळं होईल, म्हणाला. मी म्हटलं, बाबा, तहानेला तेवढी सवड नसते.

मेलेली गुरं ओढायला आपण नाही म्हटलं म्हणून हे सगळं, असं सीताराम सांगतो. बरं केलंत. पण तुझा बाप देवळासमोर जाऊन चूक झाली म्हणणार आहे, असंही तो म्हणाला. शामरावाला सांग, मी मुलगा वाढवला तो गुडघे टेकायला नव्हे. खरं काय ते लिही.

लोभ आहेच, तो मागत बसत नाही. पत्र तेवढं मागते.
सुंदराबाई


मु. कातळवाडी, जि. रत्नागिरी
२० फेब्रुवारी १९५७

ती. आजीस जगदीशचा जय भीम, शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून कान गरम झाले. कांता म्हणाली, आजीचा हात मुंबईहून इथपर्यंत पोचतो.

ऐकलंस ते खरं आहे. वाण्याने मीठही बंद केलं. कांता आणि वस्तीतल्या बायका लांबून, वहाळाच्या डबक्यातून पाणी आणतात. चैत्र सरता वहाळ आटतो. तो आटला की माफी मागायची आणि पुन्हा गुरं ओढायची, असं बाबांनी ठरवलं आहे. लहान पोरं आहेत, किती दिवस ताणणार, असं त्यांचं म्हणणं.

ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला एक निबंध होता. हायड्रोजन बॉम्बने जग बुडालं आणि मूठभर माणसं उरली, तर पुन्हा सगळं उभं करायला कोणतं ज्ञान जपून ठेवाल? मी विजेवर लिहिलं आणि शाबासकी मिळवली. विहीर कुठे खणावी ते मात्र मला माहीत नाही. पाणी बघणारा वस्तीत पाऊल टाकायला तयार नाही.

एक बातमी तुला आवडेल. दीक्षा घेतल्यावर आम्ही जुने देव खाडीत टाकले. ज्या उंबराखाली ते बसायचे तो उंबरही पाडला, कोणाचे पाय पुन्हा तिकडे वळायला नकोत म्हणून.

तुझी ओरड अशीच चालू राहावी ही विनंती.
जगदीश


नायगाव
२६ फेब्रुवारी १९५७

चि. जगदीश यास अ. आ. नाही आवडली तुझी बातमी.

देव टाकलेत ते उत्तम. एवढ्या कोंबड्या खाल्ल्या त्यांनी, उपयोगाला एक आला नाही. पण झाडाने काय केलं होतं? देवाला आपण तिथे नेऊन बसवलं. झाडाने बोलावलं नव्हतं. भर वैशाखात उंबर हिरवागार असतो, कारण त्याची मुळं पाण्यात असतात. यात देवाचं काही नाही. गावाची विहीर तुझ्या पणजोबाने खणली, तीसुद्धा उंबराजवळच. मी नवी सून होते, मातीच्या पाट्या वाहिल्या. पाणी लागलं तसं आम्हाला वर बोलावलं, खोतांनी गोमूत्र शिंपडलं, आणि विहीर त्यांची झाली. पुढे आम्ही लांब उभं राहून ओंजळ धरायची. खोतीण कळशी उंच धरून ओतायची, अर्धं कोपरावरून जमिनीत.

बुंधा उरला असेल तिथेच खणा. जांभा टिकावाने जाईल. खाली काळा दगड लागेल. सुरुंगवाला येणार नाही, नको येऊ दे. पाडलेल्या उंबराची लाकडं दगडावर रचा आणि पेटवा. आग असताना खाली कोणी थांबायचं नाही, धूर माणूस मारतो. दगड चांगला तापला की वरूनच गार पाणी सोडा. तो तडकतो. मग गार झाल्यावर उतरा आणि फटीत पहार घाला. तुझ्या पणजोबाने हेच केलं होतं.

शेजारचा लवू गिरणीत लोहारकाम करतो, त्याने पहारींना धार लावून दिली. दोर चाळीतल्या बायकांनी दिला. सगळं सीतारामबरोबर बोटीने येईल. जग बुडवायला बॉम्ब लागत नाही, विहिरीवरचा दोर काढून घेतला तरी पुरतं, हे तुझ्या प्रोफेसरांना कळव.

आता खण. लोभ मागाहून.
सुंदराबाई


कातळवाडी
९ मे १९५७

ती. आजीस कांताचा जय भीम. वि. वि. यांच्या हाताला पहारीने आलेले फोड चिघळलेत, म्हणून मी लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

काळा दगड लागला. उंबराची लाकडं पेटवली. पाणी ओतायची वेळ आली तशा बायका अडून बसल्या, पोरांच्या तोंडचं पाणी दगडाला कसं द्यायचं म्हणून. मी माझी घागर पहिली रिकामी केली, मग एकेक आली. दगड असा फुटला की बाबा घरातून धावत आले. देवळासमोर माफी मागायला त्यांनी धोतर धुऊन ठेवलं होतं. तेच कंबरेला खोचून ते खाली उतरले, आणि पाणी लागेपर्यंत पहार दुसऱ्या कोणाला दिली नाही. पाणी गोड आहे.

आता गावाच्या विहिरीत चिखल उरलाय. गेल्या आठवड्यात खोतांची सून घागर घेऊन आली. सारी वस्ती गोळा झाली. बाबांनी तिला दोराला हात लावू दिला नाही. लांब उभी केली, कळशी उंच धरली आणि ओतलं. निम्मं तिच्या पायांवर गेलं. सगळे हसले, मीही हसले. आता रोज गावातल्या बायका येतात आणि बाबा रोज ओततात. हे म्हणतात हा न्याय आहे, एकदा त्यांनाही कळू दे. मला दुसऱ्या दिवसापासून हसू येत नाही. तुम्ही काय ते सांगा.

माया ठेवावी.
कांता


नायगाव
१५ मे १९५७

चि. शामराव यास आईचे आशीर्वाद. हे पत्र जगदीशने विहिरीवर उभं राहून मोठ्याने वाचावं.

तू पहार सोडली नाहीस हे वाचून मी साऱ्या चाळीला सांगत सुटले. पुढचं वाचलं आणि हे पत्र लिहायला बसले. खोताच्या सुनेची मला दया आली असं समजू नको. तिच्या आजेसासूने माझ्या ओंजळीत काय काय ओतलं ते मी विसरले नाही. गावाला जाब विचार, तोंडावर विचार, भांड. पण कळशी खाली ठेव. देव टाकलेत, झाड पाडलंत, गुरं ओढणं सोडलंत, आणि वरून ओतायची रीत तेवढी जपून ठेवलीत. ती रीत त्यांची. आपण त्यांचं उष्टं खायचं सोडलं ना?

आजपासून दोर काठावर राहील. ज्याला पाणी हवं त्याने आपल्या हाताने ओढावं, आपण ओढतो तोच दोर, तीच बादली. आपला हात लागलेला दोर ज्याला चालत नाही त्याने वहाळावर जाऊन डबकं शोधावं, वाट आपल्या बायकांनी रुळवून ठेवली आहे. ज्याला चालतो त्याला अडवायचं नाही, आणि कोणी कोणाला ओतायचं नाही.

रमाकांत काल आभार मानायला आला होता. आभार नकोत म्हटलं, घरी कळव की दोराला हात लावा. तो नखं बघत बसला. मी पुढ्यात पोस्टकार्ड ठेवलं आणि चहा पुढे केला नाही. लिहिलं शेवटी. अक्षर फार वाईट आहे त्याचं.

उत्तर तू लिहायचंस, शामराव. कांताने नाही, जगदीशनेही नाही. लिहिता येत नाही हे मला सांगू नको, मी केस पिकल्यावर रात्रशाळेत गेले, सुनेकडून शीक. दोर पहिला कोणी ओढला त्याचं नाव लिही, आणि तेव्हा तू कुठे उभा होतास तेही.

सुंदराबाई