नागपूरचं तिकीट

पुणे, ३ फेब्रुवारी २०२४

ती. आईस, शि. सा. न.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहितो. भय्यासाहेबकाकांकडून कळलं, तू मोबाइलवरून नागपूरचं तिकीट काढलंस. आजवर तुझं प्रत्येक तिकीट काकांनीच, थोरले दीर म्हणून, खिडकीवरून आणलं. ते फार दुखावलेत. ऑनलाइन किती फसवणूक होते, तूही वाचतेस. शिवाय आपल्या गौरीने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हाच ठरलं होतं, तिच्याकडे जायचं नाही. तिकीट रद्द कर.

रागावू नकोस, माया आहे तशीच ठेव.

पराग

उज्जैन, ८ फेब्रुवारी

चि. परागास अनेक आशीर्वाद.

ठरलं होतं म्हणतोस. आईला कोणी विचारलं होतं का रे?

गौरीला डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत पलंगावरून उठायला मना केलंय. मी भय्यासाहेबांना तिकीट आणायला सांगायची आणि ते येऊन म्हणायचे, सब फुल्ल है. मी मान खाली घालायची. गेल्या आठवड्यात शेजारच्या मीनाने मोबाइलवर तीच गाडी उघडून दाखवली. जागाच जागा. खालची बर्थसुद्धा. कितीतरी वेळ मी नुसती बघत बसले. मीना काढून देत होती, मी म्हटलं, रहने दे, मीच दाबते. ओटीपी टाकताना चुकले, पुन्हा टाकला. पक्कं झालं.

लोक सोयीसाठी ऑनलाइन तिकीट काढतात म्हणे. काढत असतील. मला तिथे नाव विचारलं, वय विचारलं. कोणाला विचारून निघालात, हे विचारलं नाही.

काल भय्यासाहेब सांगून गेले, गेलीस तर आमचा दरवाजा बंद समज. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, गाडी शुक्रवारी आहे.

जेवणाची हयगय करू नकोस. भांडलास तरी लोभ असू दे.

आई

नागपूर, २० फेब्रुवारी

चि. परागास आशीर्वाद.

पोचले. पोचवायला कोणी आलं नाही, माधव नगरातल्या घरून रिक्षा करून एकटीच स्टेशनवर गेले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. गाडी हलल्यावर भीती गेली.

गौरी मला बघून आधी रडली, मग इतका उशीर केला म्हणून रागावली. जावई सुमीत सकाळी वरण-भात लावूनच कामावर जातो. तुम्ही त्याला ओळखतच नाही.

गौरी घाबरत विचारत होती, दादा येईल का. मी तिला म्हटलं, त्याला विचारायचंच नाही. पुढच्या शनिवारचं पुणे-नागपूर तिकीट तुझ्या नावाने काढलंय, सोबत पाठवतेय. माझ्या मोबाइलवरून काढलं, म्हणजे रद्द मीच करू शकते. मी करणार नाही.

ये. बहिणीवरचा लोभ आतातरी दिसू दे.

आई