तीस दिवसांचं ताट

खालची आळी, आल्टनरीड
२३ फेब्रुवारी १९५८

चि. लोरेन्त्स यास, झेन्झीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वर मठात तुला फादर एमेराम म्हणतात, पण ते नाव मठानं ठेवलंय, आईनं नाही. मी लोरेन्त्सच म्हणणार.

तू लिहिलेला मठाचा आणि गावाचा इतिहास वाचला. चारशे पानं मठाची, सात गावाची. मठ जळाला तेव्हा आपल्या आळीतल्या बायकांनी चादरींत बांधून ग्रंथ बाहेर काढले, त्यांना एक ओळ. बिअरच्या तळघराला अकरा पानं! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

खरं सांगू? राग पुस्तकाचा नाहीच. एकोणतीस वर्षं तू त्या लोकांच्या पंगतीला जेवतोस. टेकडीवर जेवणाची घंटा झाली की मला अजून त्यांचा हेवा वाटतो. तुमच्या मठाचे डॉक्टर मला सांगत होते, लोरेन्त्सचं हृदय थकलंय. ईस्टरला एकदा तरी घरी जेवायला ये. कलेजीचे गोळे घालून सूप करते.

लोभ आहेच, तुमच्या मठाधिपतींची हरकत नसेल तर वाढव.
तुझी झेन्झीताई

मठ, २ मार्च

ती. झेन्झीताईस, सा. न. वि. वि.

सात पानं, कबूल. आपल्या बेकरीवर दोन पानं लिहिली होती, त्यांना वरिष्ठांनी कात्री लावली.

हेवा फक्त तुलाच वाटतो असं समजू नकोस. इथे जेवताना बोलायचं नसतं. एक जण वाचतो, बाकीचे मुकाट गिळतात. सूप तर कायम अळणी. तुझ्या टेबलावर नातवंडं भांडत असतील, या विचारानं माझाही जळफळाट होतो.

ईस्टरला यायची परवानगी मिळाली आहे. गोळे जास्त कर.

माया अशीच राहू दे, बोलणी खायची तयारी आहे.
तुझा लोरेन्त्स

मठ, १५ मार्च

फादर एमेराम यांच्या भगिनी श्रीमती क्रेझेन्त्सिया (झेन्झी) यांस, स. न. वि. वि.

फादर एमेराम काल सकाळी प्रार्थनेच्या वेळी शांतपणे गेले. आमच्या रिवाजाप्रमाणे पंगतीतली त्यांची जागा तीस दिवस तशीच राहील. तिथे रोज वाढलेलं ताट गावातल्या एका गरजू माणसाला जातं. त्यांनी नाव आधीच लिहून ठेवलं होतं. ते तुमचं आहे. गरजेच्या रकान्यात लिहिलंय, ‘एकोणतीस वर्षं उपाशी.’

आपला नम्र,
मठाधिपती

खालची आळी, १३ एप्रिल

चि. लोरेन्त्स यास,

साऱ्या गावाला पाव विकणारी मी, आणि तू मला गरजू ठरवलंस. पहिल्या दिवशी ब्रदर वुनिबाल्ड ताट घेऊन दारात उभे राहिले तेव्हा लाजेनं मेल्यासारखं झालं. ताट परत पाठवणार होते, पण हातून सुटेना. शेजारची वाल्बुर्गा रोज पडद्याआडून बघते. आता तिला माझा हेवा वाटतो.

ईस्टरला गोळे केले होते. नातवंडांनी संपवले. मी मात्र तुझंच ताट जेवले.

आज शेवटचं होतं. सूप खरंच अळणी आहे रे. मीठ हाताशी होतं, पण घातलं नाही. तू खाल्लंस तसंच खाल्लं.

आता तिकडे माझी जागा धरून ठेव. आणि शेजारी एकाही फादरला बसू देऊ नकोस.

तुझी झेन्झीताई